थोरातकाकूंचे मालक

“आवं!”

थोरातकाकूंनी बोळाच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली आणि एकाच वेळी तीन नवरे बाहेर आले. ताम्हनकर लोकरीच्या दुकानातून आले, अर्धवट उलगडलेला स्वेटर हातात तसाच. निंबाळकर वरच्या लाकडी सज्जातून खाली वाकले. देवधर तर पलीकडच्या बोळातून जवळजवळ धावत आले. तिघांच्याही तोंडावर एकच भाव होता, आता माझं काय चुकलं? काकूंची हाक अस्सल कऱ्हाडकडची होती आणि यातले दोघे पक्के पुणेकर, पण इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला तेवढा फरक कळत नसावा.

“तुमी न्हवं,” काकू तिघांवर कावल्या. “आमचं मालक कुठं गेलं?”

मी छत्री मिटत धावले. “काय झालं काकू?”

“पोरी, ह्ये दिसंनात. हितंच बस, आलोच म्हणलं आन गेलं, ते गेलंच.”

ताम्हनकरांच्या बायकोला, कुंदाताईंना, हसू आवरेना. तीन नवऱ्यांची ती वरात त्या पुढचे चार दिवस बसमध्ये सगळ्यांना साभिनय करून दाखवणार होत्या. हसू मलाही आलं. पण लगेच मी डोकी मोजायला लागले. परक्या देशात ग्रुपमधला एक म्हातारा माणूस नजरेआड झाला, की टूर मॅनेजरला दुसरं काही सुचत नाही.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या प्रवासी कंपनीत होते. उन्हाळ्यात ग्रुप घेऊन परदेशी जायचं, सकाळी सगळ्यांना वेळेवर बसमध्ये बसवायचं, दुपारी पोळी-भाजीचं बघायचं आणि रात्री कुणाची गोळी संपली, कुणाच्या खोलीत गरम पाणी येत नाही हे ऐकत झोपायचं. बालवाडीच्या बाईचं काम, फक्त मुलं साठीच्या पुढची. मला ते आवडायचं आणि त्याचा वैतागही यायचा, दोन्ही सारखंच.

त्या वर्षी आम्ही नॉर्वेत बर्गनला होतो. बर्गनच्या जुन्या धक्क्यावर लाकडी घरांची एक रांग आहे. तांबडी, पिवळी, पांढरी, उतरत्या छपरांची घरं, बंदराकडे तोंड करून खांद्याला खांदा लावून उभी. या वस्तीला ब्रिगेन म्हणतात. समोरून ती फार नीटनेटकी दिसते. पण दोन घरांच्या मधल्या बोळात शिरलं की सगळं तिरकं. भिंती कललेल्या, जिने बाहेरून चढवलेले, वरचे सज्जे एकमेकांवर झुकलेले, पायाखाली फळ्या आणि सगळीकडे ओल्या लाकडाचा वास. एका बोळातून आत गेलेला माणूस बाहेर कुठून येईल याचा नेम नाही.

आमची तिथली गाइड मारित नावाची होती. उंच, शांत बाई, आम्ही कितीही गोंधळ घातला तरी आवाज चढवत नसे. तिने सकाळीच सांगितलं होतं की इथे काही शतकं जर्मन व्यापारी राहत, उत्तरेकडून येणारे सुके मासे घेत आणि धान्य देत. त्यांचा नियम मोठा कडक. इथे राहणाऱ्या पुरुषांनी लग्न करायचं नाही. शिवाय आगीच्या भीतीने या घरांत चूल पेटवायची नाही.

“म्हणजे नवरा नाही आणि स्वयंपाकही नाही?” कुंदाताई म्हणाल्या. “हेमांगी, तुम्ही सगळे पुढे व्हा. मला इथेच सोडा.”

बायका खदखदून हसल्या. थोरातकाकूही हसल्या, जरा उशिरा, सगळ्यांकडे बघून.

थोरात नवरा-बायको आमच्या ग्रुपमध्ये थोडे वेगळे पडत. हिंदुराव थोरात एका साखर कारखान्याच्या बॉयलरवर सारी नोकरी करून निवृत्त झाले होते. ताठ बांधा, पांढऱ्या झुपकेदार मिशा, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. शालनकाकू ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारीवर स्वेटर आणि पायात मुलाने घेऊन दिलेले बूट. काका बायकोला नजरेआड होऊ देत नसत. तिच्या शेजारी दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. जेवणाच्या टेबलावर तिला काही विचारलं तर उत्तर काकाच देत.

“बाईला तोंड उघडू देत नाहीत हो,” कुंदाताई माझ्या कानाशी म्हणायच्या. त्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि अन्याय त्यांना लांबूनही दिसायचा. मलाही तसंच वाटायचं. गावाकडचा करडा नवरा, दुसरं काय.

दोन दिवसांपूर्वी बसमध्ये उखाण्यांचा कार्यक्रम झाला होता. फ्योर्डच्या खाड्या, बर्फ, सूर्य मावळत नाही, सगळं यमकात बसवून बायकांनी आपापल्या नवऱ्यांची नावं घेतली. थोरातकाकूंची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खाली बघितलं. सगळे टाळ्या वाजवून आग्रह करायला लागले. तेव्हा काका उठून उभे राहिले.

“आमच्यात नाव घ्यायची रीत न्हाई,” ते म्हणाले. “सोडा तिला.”

कुंदाताई दिवसभर धुमसत होत्या. आजच्या काळात हे!

तर असे हे काका त्या सकाळी बायकोला एका दुकानाच्या पायरीवर बसवून गेले होते आणि परत आले नव्हते. पाऊस भुरभुरत होता. कंपनीने सगळ्यांना एकसारखे निळे रेनकोट दिले होते, म्हणजे बोळांतून जिकडे बघावं तिकडे आमचीच निळी माणसं. त्यात एक विशिष्ट निळा माणूस शोधायचा.

“कुठे जातो म्हणाले?” मी विचारलं.

“काय म्हणलं ते ध्यानात न्हाई,” काकू म्हणाल्या. “घाईत हुतं.”

त्यांनी पुन्हा तोंडाजवळ हात धरून “आवं!” केलं. या खेपेला देवधर आणि आमच्या ग्रुपच्या बाहेरचा, मुंबईकडचा वाटणारा एक गृहस्थ, असे दोघे वळले. मारितला हा प्रकार कळेना. तिने मला विचारलं, या बाई काय म्हणतायत आणि सगळे पुरुष का येतायत? मी तिला जमेल तसं सांगितलं, की आमच्याकडे जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, अशीच हाक मारतात. मारितने गंभीरपणे मान हलवली. मग म्हणाली की आज तेवढी सवलत घ्यायला हरकत नाही. या बोळांमध्ये आवाज घुमतो आणि माणूस स्वतःचं नाव लांबूनही ओळखतो.

कुंदाताईंना तेवढंच हवं होतं. “काकू, नाव घ्या बघू. खणखणीत. आता कसली लाज? माणूस हरवलाय!”

काकूंनी कुंदाताईंकडे पाहिलं. तोंड उघडलं. ओठ हलले. मग त्यांनी पदराचं टोक मुठीत धरून पिळायला सुरुवात केली.

“न्हाई यायचं,” त्या म्हणाल्या.

“असं काय करता? एकदाच!”

“न्हाई म्हणलं न्हवं का? येत न्हाई.”

त्यांचे डोळे भरून आले. मला कुंदाताईंचा राग आला आणि खरं सांगायचं तर काकूंचाही. माणूस पाण्यात पडला असेल, कुठे घसरला असेल आणि या बाई रीत सांभाळत बसल्यात. मी स्वतःच बोळात तोंड घालून ओरडले, “हिंदुरावकाका! ओ हिंदुरावकाका!”

काकूंनी माझा दंड धरला.

“त्या हिंदुरावांचं मागनं बग गं पोरी,” त्या काकुळतीने म्हणाल्या. “आदी आमच्या ह्येंना हुडक.”

मी थबकले. मला वाटलं, गडबडीत त्यांनी नीट ऐकलं नसेल. किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्याने घेतलेलंही कानी पडू द्यायचं नाही, असलं काही असेल. मारित माझ्याकडे बघत होती. तिने दुकानदारांना सांगण्यासाठी वर्णन विचारलं. मी ते काकूंना विचारलं, कारण सकाळी काकांनी रेनकोटच्या आत काय घातलं होतं ते मला आठवेना.

“उंच हाईत,” काकू म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. “धोतार हाय. डोईला पांढरी टोपी. मिशा काळ्याभोर. डाव्या पायानं वाईच लंगडत्यात, बैलानं मारलंय न्हवं का औंदा.”

मी मारितला हे इंग्रजीत सांगायला लागले आणि मधेच अडकले. हिंदुरावकाका धोतर नेसत नव्हते, निदान नॉर्वेत तरी नाही. ते लंगडतही नव्हते. मिशा तर पांढऱ्याशुभ्र. मी कुंदाताईंकडे बघितलं, त्यांनी खांदे उडवले. घाबरल्यात हो, त्या म्हणाल्या, काहीही बोलतायत. मीही तेच मानलं. मग मी काकूंना कुंदाताईंच्या ताब्यात दिलं, मारितला धक्क्याच्या बाजूला पाठवलं आणि स्वतः बोळात शिरले.

आतल्या अंगाला, घरांच्या पाठीमागे, एक छोटं मोकळं अंगण लागतं. तिथे लाकडात कोरलेला एक प्रचंड मासा ठेवलेला आहे, तोंड वासून. त्या माशाच्या पलीकडे हिंदुरावकाका एका दगडावर बसले होते. डोकं उघडं, केस ओले, अंगात निळा रेनकोट. मांडीवर त्यांनी एक मोठा पांढरा रुमाल पसरला होता आणि त्याला घड्या घालून ते टोपीचा आकार द्यायचा प्रयत्न करत होते. रुमाल ओला झाला होता. घडी उभी राहत नव्हती. ते पुन्हा उलगडायचे, पुन्हा घालायचे.

सापडले, हे पाहून मला इतकं हायसं वाटलं की मी थेट भांडायलाच लागले.

“काका! तिकडे काकू रडतायत आणि तुम्ही इथे काय करताय?”

ते दचकून उठले. “रडतीया? एकटी हाय व्हय?”

“कुंदाताई आहेत जवळ. चला आधी.”

“मॅडम, टोपी गेली. वारं आलं आन पाण्यात गेली. म्या लई पळालो मागनं.” त्यांना दम लागला होता. “सगळी दुकानं बगितली. लोकरीच्या हाईत, गोंड्याच्या हाईत. पांढरी, आपल्यागत न्हाई कुठं. तुमच्याकडं न्हाई का वो कुनाची?”

“टोपीचं काय घेऊन बसलात? बस सुटायची वेळ झाली.”

“टोपीबिगर मला नेऊ नका,” ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मानपान, ऐट, उघड्या डोक्याने चारचौघांत जायचं नाही, असलं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना अक्षरशः ओढत त्या बोळातून बाहेर आणलं. ते “मॅडम, वाईच ऐका” म्हणत होते, पण ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

सगळा ग्रुप आता बोळाच्या तोंडाशी जमला होता. आम्हाला बघून टाळ्या झाल्या.

“हे घ्या काकू, तुमचे मालक!” मी विजयाने म्हणाले आणि काकांना पुढे केलं.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. नखशिखान्त बघितलं, आशेने. मग ती आशा विझली. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, चेहरा अर्धा झाकला आणि माझ्याकडे वळल्या.

“पोरी, कुनाला आणलंस ह्ये?”

हशा पिकला. कुंदाताईंनी टाळी दिली. “रुसल्या! काकू रुसल्या! बरी जिरवली, काका. बायकोला टाकून फिरता काय?”

“थट्टा करू नगा गं,” काकू म्हणाल्या. “मानूस हरवलाय माजा. तुमाला थट्टा सुचतीया?”

आणि त्या पाठ फिरवून बाजूच्या बोळात निघून गेल्या. मी काकांकडे बघितलं. ते हसत नव्हते. हातातला ओला रुमाल त्यांनी घट्ट मुठीत धरला होता आणि सगळ्यांच्या समोर ते कसंनुसं हसण्याचा प्रयत्न करत होते. काय चाललंय ते कळत नव्हतं, पण हे रुसणं नाही एवढं मला कळलं.

मी मारितला ग्रुप घेऊन बसकडे जायला सांगितलं. “रुसवा काढायला वेळ लागणार,” असं मोठ्याने म्हणाले, म्हणजे बाकीच्यांना बरं वाटावं. ते हसत, मागे वळून बघत गेले.

काकू बोळात थोड्या अंतरावर एका लाकडी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. आम्ही दोघे कोपऱ्यावर उभे राहिलो, त्यांना दिसणार नाही असे.

“म्हणून टोपी पाहिजे हुती,” काका हळू आवाजात म्हणाले. “टोपी असली की वळखती. बऱ्याचदा वळखती. सकाळी तर वळखलंच.”

“म्हणजे?”

“दोन वर्सं झाली, मॅडम. आदी चूल पेटती ठिवायची, मग वाट चुकायची. आता मानसं चुकती.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “मग त्या दिवशी बसमध्ये... उखाणा...”

“रीत कसली वो,” काका म्हणाले. “आमच्या लग्नात तिनं सोळा ओळींचा उखाणा घेतलेला. सारा मांडव गप ऐकत हुता. नाव घ्यायला लाजत न्हाई ती. तिला याद न्हाई.”

ते भिंतीला टेकले. भिंतही कललेलीच होती.

“लोकांस्नी वाटतं, जुन्या वळणाची बाई हाय, लाजतीया. वाटू द्यात. हसत्यात ते बरं हाय. कीव केल्याली तिला लगीच कळती. पोरांस्नीसुदिक सांगितलं न्हाई अजून. सांगितलं तर ह्यो प्रवास झाला नसता. दर साली म्हणायचो, औंदा जाऊ. तिला लांबचा मुलूख दावायचा ऱ्हाईलाच.”

म्हणून ते तिच्या शेजारी कुणाला बसू देत नव्हते. म्हणून टेबलावर तिच्या वाटची उत्तरं ते देत होते. मला इतकं वाईट वाटलं की मी खाली फळ्यांकडे बघत राहिले. पण बस थांबणार नव्हती आणि काकू त्या पायरीवरून हलणार नव्हत्या.

“मी जाऊन समजावू का?” मी म्हणाले. “सांगते, हेच तुमचे मालक. फोटो दाखवू. पासपोर्ट आहे माझ्याकडे.”

“नगं,” काका घाईने म्हणाले. “तसं एकदा केलं हुतं. फोटू बगून लई भ्याली. परक्या मानसानं ह्येंचा फोटू कुठनं आणला म्हणून.” त्यांनी मुठीतला रुमाल पिळला आणि खिशात ठेवला. ओले केस हाताने मागे बसवले. “तुमी निस्त्या माझ्या मागनं या. काय बोलू नका.”

ते गेले आणि काकूंपासून चांगल्या दोन हात अंतरावर थांबले. हात जोडले.

“रामराम. थोरातांच्या मंडळी न्हवं का तुमी?”

काकूंनी पदराआडून बघितलं. “व्हय. तुमी कोन?”

“मी तुमच्या मालकांचा दोस्त. त्येंनीच धाडलंय. ते म्होरं गाडीपाशी थांबल्यात. म्हणलं, आमच्या मंडळींना घिऊन ये.”

“गाव कंचं तुमचं?”

“मसूर.”

“मसूरच्या कुनाचं?”

काका अडखळले. मला वाटलं, संपलं. “कुंभारवाड्याच्या अंगाला घर हाय आमचं,” ते म्हणाले. “कारखान्यात संगं हुतो. बॉयलरवर.”

काकू विचार करत होत्या. त्यांचे हात मांडीवर घट्ट गुंफलेले होते. “मग ते सोता का न्हाई आलं? मला हितं बसवून गेलं आन तुमाला धाडलं?”

“पाय दुखतोय त्येंचा,” काका म्हणाले. “बैलानं मारल्याला.”

काकूंचा चेहरा एकदम मोकळा झाला. “बगा! किती येळा सांगितलं, हळदीचा लेप लावा. ऐकत्यात कवा?” त्या उठल्या. साडी झटकली. “चला. ही पोर हाय न्हवं का संगं?”

“आहे मी काकू,” मी म्हणाले.

फळ्या ओल्या होत्या आणि बोळाला उतार होता. काकांनी हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. मग त्यांनी माझी मिटलेली छत्री मागून घेतली. तिची मूठ स्वतः धरली आणि टोक काकूंच्या पुढे केलं. काकूंनी क्षणभर बघितलं आणि टोक धरलं. परक्या पुरुषाचा हात धरायचा नाही, पण छत्रीला काय हरकत? असे ते दोघे चालायला लागले, मध्ये छत्रीचं अंतर ठेवून, आणि मी काकूंच्या बाजूने.

काका फार सावकाश चालत होते. उंबरा आला की थांबत, काकूंचा पाय पलीकडे पडला की निघत. एका ठिकाणी काकूंना खिडकीतल्या लोकरीच्या बाहुल्या आवडल्या, तर त्या बघून होईपर्यंत काका तिथे उभे राहिले. बस चुकेल म्हणून मी घायकुतीला आले होते, पण त्यांना घाई करा म्हणायची माझी जीभ रेटेना.

“भला मानूस हाय गं,” काकू माझ्याशी कुजबुजल्या. कुजबुज कसली, काकांना सगळं ऐकू जात होतं. “घडीघडीला थांबतोय बग माझ्यापायी. आमचं ह्ये कवा थांबलं न्हाईत. बाजाराला जाऊ दे, जत्रंला जाऊ दे, ह्ये आपलं म्होरं. सारा जलम त्येंच्या पाठीकडं बघून चालले मी. एकदा मागं वळून बगितलं न्हाई, हाय का पडली.”

मी काकांकडे बघायचं टाळलं.

“तसं मनानं वंगाळ न्हाईत,” काकू म्हणाल्या. “पर ह्या भाऊजींच्या बायकूचं नशीब बाई.”

आम्ही बोळातून बाहेर धक्क्यावर आलो. पाऊस थांबत आला होता. समोर बंदराचं करडं पाणी, पलीकडे डोंगराच्या अंगावर चढत गेलेली पांढरी घरं आणि लांब रस्त्याच्या कडेला आमची बस. दारात कुंदाताई हात हलवत उभ्या होत्या. आता पुढे काय, हाच प्रश्न होता. बसपाशी काळ्याभोर मिशांचा, धोतर नेसलेला, लंगडणारा कुणी उभा नव्हता. काका तिथे पोचल्यावर काय सांगणार होते ते मला माहीत नव्हतं आणि बहुतेक त्यांनाही नव्हतं.

काकू मात्र आता निवांत झाल्या होत्या. त्यांनी पदर जरा मागे घेतला आणि पहिल्यांदाच काकांशी आपणहून बोलल्या.

“भाऊजी, तुमची मंडळी न्हाई व्हय आणली संगं?”

काका थांबले. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग काकूंकडे. काकूंनीही या खेपेला नजर खाली घातली नाही.

“आणली की,” ते म्हणाले.

“मग कुठं हाय ती?”

“म्होरं गेली,” काका म्हणाले. “मी मागं ऱ्हायलो.”

“आसं कसं वो?” काकू कळवळून म्हणाल्या. “परमुलखात बाईमानसाला एकटी सोडायची व्हय? भ्याली आसंल ती. चला, बिगीबिगी चला, हुडकू तिला.”

आणि छत्रीचं टोक दोन्ही हातांनी ओढत त्याच पुढे निघाल्या.